वजन खाली ठेवावं

ती. अक्कास,


तुझा निरोप पोचला. ‘ते लाकूड विकून टाक. त्या घरातलं काहीही माझ्या पोराच्या डोक्यावर नको,’ असं तू म्हणालीस. फोनवर मी काहीच बोललो नाही, कारण तुझ्याशी या विषयावर बोलायला लागलं की आपण दोघंही अर्ध्यात थांबतो. म्हणून लिहितोय. लिहिताना मधे थांबता येतं, पाणी पिऊन येता येतं.

भाचेबुवांनी पुण्यात घर घेतल्यावर पुस्तकांसाठी मांडणी हवी म्हणून मला फोन केला, तो तुला न विचारता. त्याला रागावू नकोस. दुकानात भुशाच्या दाबलेल्या पाट्यांची कपाटं बघून आला होता. एका पावसाळ्यात ओल लागली तरी त्यांच्या कडा फुगतात आणि स्क्रू धरत नाहीत. गोठ्यात आपल्या माळवदाचं लाकूड ताडपत्रीखाली पडलेलं त्यानं लहानपणापासून पाहिलंय. त्याचं काही होईल का, एवढंच त्यानं विचारलं. त्याच सुमारास जुन्या सागवानाचा एक व्यापारी दारात आला. हॉटेलांना आणि फार्महाउसांना आता जुनी दारं-खांब हवे असतात म्हणे. भाव वाईट नव्हता.

तुला नको का वाटतं ते मला ठाऊक आहे. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं आणि 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. जगानं त्याला किल्लारीचा भूकंप म्हटलं, पण आपल्या बाजूचं सास्तूरही त्याच पहाटे झोपेतच गेलं. लातूर आणि आपला जिल्हा मिळून सुमारे 8 हजार माणसं गेली. 52 गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली. आपलं गाव त्या यादीत नव्हतं, दुरुस्तीच्या यादीत होतं. आजी मात्र माजघरातच राहिली. तेव्हापासून तू स्लॅबच्या घराखेरीज कुठं मुक्काम करत नाहीस, आणि लग्नाला जातानाही त्यांचं घर कशाचं आहे हे आधी विचारतेस.

म्हणून ज्या गोष्टी आपण घरात कधी मोकळेपणानं बोललो नाही, त्या आज लिहितो. आजीच्या अंगावर भिंत आली, लाकूड आलं नाही. आप्पांनी सकाळी मातीचा ढिगारा उपसला तेव्हा माजघराचे चारही खांब तळखड्यांवर उभे होते आणि तुळई जागच्या जागी होती. आप्पा नंतर आयुष्यभर हे कुणाला सांगत नव्हते. मला एकदाच सांगितलं, तेही त्यांच्या शेवटच्या आजारपणात.

यात दैवाचं काही नाही. आपल्या भिंती दोन-अडीच हात रुंद होत्या, आणि रुंद म्हणजे भक्कम असं सगळ्यांना वाटायचं. पण ती खरं तर एक भिंत नव्हतीच. बाहेरून दगडांचा एक पदर, आतून एक, आणि मधल्या पोकळीत माती नि बारीक दगड. दोन्ही पदरांना आरपार बांधून ठेवणारा एकही लांब दगड नाही, चुना नाही. हादरा बसला की दोन पदर एकमेकांपासून सुटून दोन दिशांना कोसळायचे. वर माळवद. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि पाल्यावर पांढरी माती. दर पावसाळ्याआधी गळतं म्हणून आणखी चार पाट्या माती चढायची, जुनी कुणी काढायचं नाही. मी हिशेब केला. 10 फूट बाय 5 फुटांच्या एका खणावर 2 फूट माती म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 4 टनांहून जास्त. हे ओझं आपण पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेऊन झोपत होतो, आणि उन्हाळ्यात घर किती गार राहतं याचं कौतुक करत होतो.

लाकडाचा सांगाडा बऱ्याच घरांत त्या रात्रीही टिकला, भूकंपानंतर आलेल्या अभियंत्यांनी हे नोंदवून ठेवलंय. सगळीकडे टिकला असं नाही. आपल्याकडे खांब-तुळईच्या चौकटीत तिरपा आधार घालायची रीतच नव्हती, त्यामुळे चौकोन एका बाजूला कलला की पुन्हा सरळ होत नसे. नंतर दुरुस्तीच्या योजनेत काय सांगितलं ते आठवतं का? माळवदाची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, कोपरे बांधा, लाकडाला तिरपे आधार द्या. लोकांनी मात्र भीतीनं दगडच सोडला आणि पत्रे ठोकले. आप्पांनीही तेच केलं. माळवद उतरवलं, दगड कुंपणाला लावले, लाकूड गोठ्यात रचलं आणि त्या बाजूला पाहणं बंद केलं.

मी ते पहिल्यांदा बाहेर काढलं ते माझ्याच पुस्तकांच्या निमित्तानं. जानेवारी 2020 मध्ये 93 वं साहित्य संमेलन आपल्या जिल्ह्याच्या गावी भरलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. तिथल्या ग्रंथप्रदर्शनातून मी पिशव्या भरभरून पुस्तकं आणली आणि घरी आल्यावर लक्षात आलं की ठेवायला जागा नाही. ट्रंकेत ठेवली तर कसर लागते, पलंगाखाली ठेवली तर वाळवी. मग गावातल्या सुतारकाकांना बोलावलं आणि ताडपत्री उचलली.

काम सांगतो, म्हणजे लाकडात काही लपलेलं नाही याची तुझी खात्री पटेल. आधी सगळं उन्हात मांडलं आणि तारेच्या ब्रशनं माती काढली. प्रत्येक तुकड्यात पेचकस खुपसून पाहिला. जिथं तो सहज आत गेला ते पोखरलेलं लाकूड चुलीला. तुळया आणि फळ्या सागवानी निघाल्या, कड्यांत मात्र लिंब आणि बाभूळही होती. ऐपत होती तिथं साग आणि संपली तिथं बांधावरचं झाड, असं आजोबांनी बांधलेलं दिसतं. मग खिळे. लोहारानं घडवलेले, चौकोनी, लाकडात गंजून बसलेले. एक जरी राहिला तर करवतीचे दात जातात आणि रंध्याच्या पात्याला खाच पडते. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून मी फळी-फळीवरून फिरवलं. ते जिथं ओढलं जाईल तिथं खडूची खूण. सुतारकाका पहार आणि जंबुऱ्यानं एकेक उपसत गेले. रंधा मारताना तोंडाला फडकं बांधलं, कारण जुन्या सागाचा भुसा घशाला झोंबतो. वरचा काळा थर गेला आणि आतून मधाच्या रंगाचं लाकूड आलं. शंभरेक वर्षं वाळलेलं, त्यामुळे आता ते ना वाकणार ना फाटणार. ओलं लाकूड आणून हे मिळत नाही.

भाच्यानं विटा आणि फळ्या एकावर एक रचलेल्या मांडणीचे फोटो पाठवले होते. स्वस्त, सुटसुटीत, भाड्याच्या घरात सोयीची. मी त्याला सांगितलं, गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत ठीक, त्याच्यावर नको. सुट्या विटांवर सुटी फळी म्हणजे आपल्या भिंतीचंच भावंड, काहीच कशाला बांधलेलं नाही. पोराचं पोर धरून उभं राहायला गेलं तरी पडेल. शहाबादी फरशीचंही तेच. आपल्याकडे ती मुबलक, पाडलेल्या घरांतून फुकट मिळते, पण वजनदार आणि वाकायच्या आधी तुटणारी. ती पाणी प्यायच्या माठाखाली बरी. सेंट्रिंगच्या टाकून दिलेल्या फळ्या मी घेतल्या, पण फक्त मागच्या आधारासाठी. त्यांच्यावरचं सिमेंट खरवडून काढावं लागतं, नाहीतर रंध्याची धार तासाभरात जाते.

आता मापाची गोष्ट, कारण खरी अक्कल त्यात आहे. पुस्तकं दिसतात हलकी, पण एक मीटर फळी गच्च भरली की 25 ते 30 किलो होतात, जाड ठोकळे असतील तर त्याहून जास्त. फळी जितकी लांब तितकी ती मधोमध लवते, आणि हे लवणं सरळ हिशेबानं वाढत नाही. लांबी दुप्पट केली की सोळापट लवते. उलट जाडी दुप्पट केली की आठव्या हिश्शावर येतं. म्हणून फळ्या मूळच्या दीड इंच जाडीच्या होत्या तशाच ठेवल्या, देखणेपणासाठी तासून बारीक केल्या नाहीत, आणि दोन उभ्या आधारांमधलं अंतर अडीच फुटांवर जाऊ दिलं नाही. खोली 10 इंच, म्हणजे दिवाळी अंकही आडवे न पडता मावतात. दोन फळ्यांत 11 इंच, सगळ्यात खाली 14.

खालचा कप्पा मोठा ठेवला तो विश्वकोशाच्या खंडांसाठी. तर्कतीर्थांच्या संपादनाखाली 1976 साली पहिला खंड आला, तेव्हापासूनचे जेवढे आप्पांनी जमवले तेवढे सगळे तळाला. त्यांच्यावर शब्दकोश, मग कादंबऱ्या, आणि डोक्याच्या उंचीला कवितासंग्रह, पातळ पुस्तकं. उंची साडेपाच फूट, त्याहून वर काहीच नाही. माळवदावर आपण उलटं करत होतो. सगळ्यात जड ते सगळ्यात वर, आणि दरसाल त्यात भर. एवढा एक धडा त्या पहाटेनं शिकवला आणि तो घराइतकाच कपाटालाही लागू आहे.

बाकीचे धडेही त्यात घातले. सांधे खिळ्यांवर सोडले नाहीत. आडव्या फळीला कुसू काढून ती उभ्यातल्या भोकात बसवली आणि आरपार लाकडी खुंटी मारली. मागच्या बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या पट्ट्या, एकमेकींना छेद देणाऱ्या. चौकोन कलू देत नाहीत त्या. तळाशी चार बोटं उंच पाय ठेवले, म्हणजे फरशी पुसताना पाणी लाकडाला लागत नाही आणि वाळवीचा माग वर चढताना डोळ्यांना दिसतो. तळखड्याचं काम हेच होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वरच्या फळीखाली दोन लोखंडी एल पट्ट्या, भिंतीला आवळायच्या. त्याच्या पुण्याच्या घरात मधल्या भिंती सिपोरेक्सच्या असणार. त्यात साधी प्लास्टिकची गिट्टी धरत नाही, ओढ बसली की भुगा होऊन निघते. त्याला म्हणावं, जमलं तर आरसीसी कॉलमजवळची जागा निवड आणि त्यातच भोक पाड. नाहीच जमलं तर त्या ब्लॉकसाठीचे लांब फास्टनर मिळतात, तेच वापर.

रंग दिला नाही. आपल्याच रानातल्या जवसाचं तेल दोनदा चोळलं. ते मुरून सुकायला बरेच दिवस घेतं, घाई चालत नाही. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस हे मात्र त्याला सांग. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि बोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवायचं, नाहीतर पाण्यात बुडवून टाकायचं.

तू म्हणशील, जुनं लाकूड अपशकुनी. मागं तेरला गेलो होतो तेव्हा तिथल्या लामतुरे संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची लाकडी कोरीव चौकट पाहिली. मंदिराची पडझड झाली, पण चौकट राहिली, आणि शतकांनंतरही लोक तिच्यासमोर उभे राहून नक्षी बघतात. त्याच गावातलं त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर मुळात बौद्धांचं चैत्यगृह होतं असं अभ्यासक मानतात. एका कामासाठी उभारलेली वस्तू दुसऱ्या कामाला लागली म्हणून आपल्या जिल्ह्यात कुणी तिला अपशकुनी म्हटलेलं मला माहीत नाही. आपल्या नव्या वसाहतींतही बघ, जुन्या घराचं एखादं दार, एखादी चौकट बरोबर घेऊन गेलेली माणसं सापडतातच.

माझ्याकडच्या मांडणीला आता काही वर्षं झाली. भाच्यासाठी दुसरी केलीय, त्याच मापाची, सुटे भाग खुंट्यांनी जोडता येतील अशी. तिची वरची फळी माजघराच्या तुळईतून कापलेली आहे. हे तुला सांगायचं नाही असं आधी ठरवलं होतं, पण लपवून पाठवलेली वस्तू तुझ्या मनात कायमची रुतली असती. अभ्यासाच्या वेळी आजी आपल्याला त्याच तुळईखालच्या खांबाला टेकवून बसवायची आणि स्वतःला वाचता येत नसताना मोठ्यानं वाचायला लावायची. त्या तुळईवर पुस्तकं ठेवणं तिला गैर वाटलं असतं असं मला वाटत नाही. तुला वाटत असेल तर सांग, मी ती फळी बदलून दुसऱ्या खोलीतल्या लाकडाची बसवतो. त्यात माझा हट्ट नाही.

व्यापाऱ्याला मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. लाकडात निम्मा वाटा तुझा आहे. तुला तुझा वाटा पैशात हवा असेल तर मोजून पाठवतो, उरलेलं लाकूड मी ठेवतो. भाच्याच्या घरी ते नकोच असेल तर मांडणी इथल्या शाळेत देऊ, त्यांची पुस्तकं अजून खोक्यात आहेत. पण एकदा तिच्याजवळ उभी राहा, हातानं हलवून बघ आणि मग ठरव. मी स्वतः येऊन जोडून, भिंतीला आवळून देतो.

टेम्पोवाला पुढच्या आठवड्यात पुण्याला रिकामा चाललाय. रविवारपर्यंत कळव. आणि पोराला म्हणावं, कॉलम कुठं आहे ते ठोकून बघून ठेव, आणि भिंतीची उंची-रुंदी टेपनं मोजून पाठव, नुसता फोटो नको.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा