सायकल खांद्यावर

सरकारी नोकरीतील बदलीच्या हुकुमाने मी पुण्याहून दिल्लीतील रामकृष्णपुरमच्या क्वार्टरात मुक्कामास आलो, तेव्हा सामानाबरोबर सायकलही आली. परंतु रिंग रोडवरील अखंड रहदारी पाहता डांबरी रस्त्यावरचा माझा जुना परिपाठ येथे चालणे शक्य नव्हते, म्हणून मी वसाहतीतील मोकळ्या मैदानाकडे वळलो आणि तेथेच सायक्लोक्रॉसच्या नादी लागलो.

हा खेळ मूळचा फ्रान्सचा. रस्त्यावरील शर्यतींचा हंगाम संपल्यावर शेते, कुंपणे आणि ओढे ओलांडीत दौडण्याच्या सायकलस्वारांच्या हौसेतून तो वाढला. १९०२ साली त्या देशाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि १९५० साली पॅरिस येथील पहिले जागतिक अजिंक्यपद ज्याँ रोबिक याने मिळविले, जो १९४७ सालीच टूर द फ्रान्सचा विजेता ठरला होता. सुमारे तीन किलोमीटरांच्या वर्तुळात गवत, चिखल, वाळू, उभा चढ आणि ४० सेंटीमीटरपर्यंत उंचीच्या आडव्या फळ्या अशी शर्यतीच्या मार्गाची रचना असते.

पहाटे, वसाहतीजवळच्या मलाई मंदिराच्या शिखरावर ऊन येण्यापूर्वी, मी सरावास आरंभ करी. धावत्या सायकलीवरून उजवा पाय खोगिराच्या मागून डावीकडे आणावयाचा, डावा पाय पॅडलवर ठेवून क्षणभर तसेच तरंगत जावयाचे, आणि फळीपाशी पोहोचताच दोन्ही पावले जमिनीवर टाकून, चौकटीची आडवी नळी धरून सायकल उचलावयाची. चढ फार उभा असेल तर तीच नळी उजव्या खांद्यावर घेऊन धावावयाचे. साखळी उजवीकडे असल्यामुळे उतरणे डावीकडूनच होते. पुन्हा चढताना उडी मारावयाची नसून मांडीच्या आतल्या बाजूने खोगिरावर सरकावयाचे असते, आणि ही एकच गोष्ट अंगवळणी पडण्यास मला सर्वांत अधिक कालावधी लागला.

दिल्लीची माती युरोपातल्या चिखलाहून सर्वस्वी भिन्न आहे. एरवी ती अरवलीच्या खड्यांची, कठीण आणि धुळकट असते. मावठ्याचा पाऊस पडला की टायरांच्या दातऱ्यांत चिकटून चाक जड करते. विलायती बाभळीचे काटे हा येथील खरा शत्रू होय, आणि ट्यूबमध्ये छिद्र बुजविणारा द्रव भरल्याखेरीज येथे निभाव लागत नाही.

पुढे परिसरातील काही समानशील मंडळी जमली, सुताराकडून फळ्या करवून घेतल्या, आणि एका रविवारी आम्ही आपसांत शर्यत लावली. सपाटीवर जे सर्वांपुढे होते, ते फळ्यांपाशी मागे पडले, आणि शांतपणे उतरून शांतपणे चढणारे पुढे गेले. या खेळात पायांच्या बळाहून उतरण्याची विद्या श्रेष्ठ आहे, असे माझे त्या दिवसापासूनचे निश्चित मत आहे.

ज्या वाचकाजवळ जाड टायरांची साधी सायकल आणि घरानजीक मोकळी जागा आहे, त्याने महागड्या यंत्राची वाट न पाहता आधी केवळ उतरण्याचा व चढण्याचा सराव करावा. शिरस्त्राण मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यावर असावे.