दाढेतला कार्बन

गेल्या पावसाळ्यात माझी खालची दाढ काढावी लागली. सहाव्या वर्षी आलेली ती पहिली कायमची दाढ. दंतवैद्यांनी ती कापसात गुंडाळून हातावर ठेवली आणि मला ती टाकवेना. लहानपणी पडलेला दुधाचा दात आम्ही बिनदिक्कत कौलांवर भिरकावत असू. ही दाढ मात्र अजून मेजाच्या खणात आहे. कारण एवढेच, की माझा जन्म 1963 सालचा.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी वातावरणात, अंतराळात व पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याच्या करारावर मॉस्कोत सह्या केल्या. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. स्फोटांतून सुटलेल्या न्यूट्रॉनांनी हवेतल्या नायट्रोजनपासून कार्बन-14 घडवला आणि उत्तर गोलार्धाच्या हवेतले त्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. वनस्पतींनी तो घेतला आणि अन्नावाटे तो आपल्यात आला. पहिल्या कायमच्या दाढेचे एनॅमल आयुष्याच्या पहिल्या तीनेक वर्षांत घडते, मग बदलत नाही. याच आधारावर स्वीडनमधील संशोधकांनी 2005 मध्ये दातांवरून माणसाचे जन्मवर्ष सांगून दाखवले. या कार्बनापासून मला काही धोका नाही. पण माझ्या बाळपणीची हवा त्या दाढेत आहे.

चाचण्या थांबल्या, किरणोत्सर्ग कमी झाला, असे आपण सहज म्हणतो. या ‘कमी होण्या’त निदान तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

पहिली अणूंच्या अंगची. स्फोटानंतरच्या राखेचा किरणोत्सर्ग सातपट वेळात साधारण दहापट घटतो : पहिल्या तासाच्या शेवटी शंभर असेल, तर सात तासांनी दहा आणि दोन दिवसांनी एक. आयोडिन-131 सारखी आठ दिवसांच्या अर्धायुष्याची द्रव्ये लवकर संपतात. मागे उरतात सीझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90. त्यांचे अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास. 1963 साली ती जेवढी होती, त्यांचा सुमारे चौथा हिस्सा आजही कुठे ना कुठे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे स्थलांतर. हवेतला जादा कार्बन-14 काही दशकांत ओसरला. परंतु त्याचे अर्धायुष्य सुमारे 5,730 वर्षांचे! तो नष्ट झाला नाही, समुद्रात आणि झाडामातीत गेला. तिसरी गोष्ट सौम्य होण्याची. कोळसा आणि खनिज तेल यांच्या कार्बनात कार्बन-14 उरलेलाच नसतो. त्यांच्या धुराने हवेतले प्रमाण आणखी उतरले आणि 2021 च्या सुमारास उत्तर गोलार्धात ते चाचण्यांपूर्वीच्या पातळीशी आले. एका उपद्व्यापाची खूण दुसऱ्याने पुसली.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. 1 मार्च 1954 रोजी बिकिनी येथे झालेल्या स्फोटाची राख राँगेलॅप बेटावर पडली. तेथल्या रहिवाशांना हलवले आणि 1957 मध्ये परत आणले. बेटावरचा किरणोत्सर्ग खरोखरच खूप घटला होता. पण प्रवाळी जमिनीत पोटॅशियम तुटपुंजे. त्याच्याशी साधर्म्य असलेले सीझियम नारळाच्या झाडांनी ओढून घेतले, आणि माणसे नारळ खात राहिली. 1985 मध्ये त्यांनी आपले बेट आपणहून सोडले.

आम्ही कौलांवर दात फेकत होतो, त्या काळात अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातील आया मुलांचे दुधाचे दात संशोधकांकडे पाठवत होत्या. 1958 मध्ये सुरू झालेल्या त्या पाहणीत दातांतले स्ट्रॉन्शियम मोजले गेले. चाचण्यांबरोबर ते वाढले आणि करारानंतर जन्मलेल्या मुलांत उतरले. अणूंचा क्षय आपोआप होतो. नवी भर थांबवणे मात्र माणसांनाच ठरवावे लागले, आणि तेही सर्वांनी एकदम ठरवले नाही : हवेतली शेवटची चाचणी चीनने 1980 मध्ये केली.

माझ्या दाढेतल्या कार्बन-14 च्या शंभर अणूंतला एकही अजून पुरता सरलेला नाही. हवा विसरली, म्हणून मी ती दाढ ठेवली आहे.