सप्लायचा ‘अर्थ’

‘पॉवर सप्लाय’ला मराठीत ‘वीजपुरवठा’ म्हणतात. पण वीजपुरवठा म्हटलं की मला महावितरणचं बिलच आठवतं. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा परिणाम, दुसरं काय!) तेव्हा मित्रांनो, या लेखापुरतं आपण त्याला ‘सप्लाय’च म्हणू या.

आमच्या एरोमॉडेलिंग क्लबात विमानं पाच, पण एका वेळी चार्ज व्हायच्या दोनच बॅटऱ्या. आमची तीन सेलची, २२०० एमएएचची लिपो बॅटरी १२.६ व्होल्टपर्यंत २.२ अँपिअरने भरते. म्हणजे साधारण २८ वॅट. पाच एकदम लावल्या तर १४०, चार्जरमधला तोटा धरून १७०. चार्जरला १२ व्होल्ट द्यायचे तर झाले १४ अँपिअर. एवढ्यासाठी नवा सप्लाय घेणं आमच्या खिशाला परवडणारं नव्हतं.

म्हणून जुन्या बाजारातून सातशे रुपयांना सर्व्हरमधून काढलेला ४६० वॅटचा सप्लाय आणला. १२ व्होल्टला तब्बल ३८ अँपिअर! कंपनी सर्व्हर बदलते तेव्हा असे सप्लाय बरेचदा ठणठणीत असतात. नव्या सर्व्हरच्या खाचेत बसत नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा.

प्लग लावला, तर महाराज ढिम्म. हा बिघाड नव्हे. सर्व्हर बारीक पिनांवरून ‘चालू हो’ अशी खूण देतो, ती मिळेपर्यंत मुख्य १२ व्होल्ट बंदच. या पिना मॉडेलप्रमाणे बदलतात, त्यामुळे अंदाजाने जोडाजोडी नाही. माहिती शोधली, मल्टिमीटरने तपासलं, एक रेझिस्टर लावला आणि पंखा असा किंचाळला की शेजारच्या लॅबमधले सर बघायला आले.

प्रत्येक चार्जरला वेगळी वायर, वेगळा फ्यूज. १२ व्होल्टचा झटका लागत नाही, पण ३८ अँपिअर हातातल्या धातूच्या बांगडीतून गेले तर ती तापून हात भाजू शकतो. पेटी तर उघडायचीच नाही. आतल्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही काही वेळ ४००च्या आसपास व्होल्ट असू शकतात.

खरा वाद पुढेच झाला. मोठ्या चार्जरसाठी २४ व्होल्ट हवे म्हणून एक सीनियर दादा आणखी एक सप्लाय घेऊन आला. दोन्ही सिरीजमध्ये जोडायचे. पण यांचा मायनस पत्र्याच्या पेटीला आणि पेटी अर्थला जोडलेली. तसेच जोडले तर अर्थमधूनच खालचा सप्लाय शॉर्ट होणार.

“अर्थची पिन काप. सगळे तेच करतात,” दादा म्हणाला.

मी म्हणाले, “नाही.” सेकंड इयरच्या मुलीने फायनल इयरला असं म्हणायचं नसतं. पण अर्थ नसताना आत काही बिघडून २३० व्होल्ट पत्र्यावर आले, तर फ्यूज उडणार नाही. पहिला हात लावणाऱ्यालाच ते कळणार. आणि आमच्या क्लबात पहिला हात नेहमी फर्स्ट इयरच्या पोरांचा असतो.

दादा दोन दिवस बोलला नाही. मोठी बॅटरी अजून सावकाशच भरते, त्यापायी एखादी उड्डाणाची संध्याकाळ हुकते. पण तिसऱ्या दिवशी सप्लायवर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. अक्षर दादाचं: ‘अर्थशिवाय जोडू नये.’

मराठीत याचे दोन अर्थ होतात, हे मला दादानेच हसत हसत सांगितलं. दोन्ही पटले.