मोटारींचे बिल्ले

आमच्या बैठकीच्या भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी नाहींत, निसर्गदृश्यें नाहींत, कीं कोणा संस्थेनें दिलेलें मानपत्रही नाहीं. तेथें हिरव्या बनातीनें मढविलेली एक फळी असून तिच्यावर जुन्या मोटारींचे ४१ बिल्ले ओळीनें लावलेले आहेत. बेचाळिसावी जागा रिकामी आहे. तिची हकीकत पुढें येईलच. प्रथमच घरीं आलेला मनुष्य ती फळी पाहून क्षणभर गप्प बसतो, आणि मग मोठ्या सौजन्यानें विचारतो, ‘‘आपल्याकडे गाड्या किती?’’ एकही नाहीं, असें उत्तर आम्हांस द्यावें लागतें. आम्ही जन्मभर बसनें आणि लोकलनें हिंडलों. स्वतःची मोटार अशी आम्हीं कधीं घेतली नाहीं. ज्याच्या दारीं घोडा नाहीं त्यानें भिंतीवर लगाम टांगून ठेवावे, तशांतलाच हा प्रकार आहे, हें आम्हांस कळतें. परंतु असल्या विसंगतीची छंदाला लाज वाटत नाहीं. वाटती, तर जगांतील निम्मे छंद केव्हांच बंद पडले असते.

या छंदाची लागण आम्हांस मुंबईच्या मटन स्ट्रीटवर झाली. चोरबाजार म्हणतात त्यांतलाच हा रस्ता. मूळचा शोरबाजार, त्याचा अपभ्रंश होऊन चोरबाजार झाला, असें तेथले दुकानदार अगत्यानें सांगतात, आणि आम्हीही तें कित्येक वर्षें तितक्याच अगत्यानें ऐकून घेत आलों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या शोधीत तेथें गेलों असतां, एका दुकानाच्या पायरीवर नळ, बिजागऱ्या आणि कुलपें यांच्या ढिगांत एक लहानसें शिडाचें जहाज आमच्या दृष्टीस पडलें. मुलामा जागोजाग फुगून उडालेला. पुढच्या डोलकाठीचें टोंक मोडलेलें. दुकानदार म्हणाला, ‘‘प्लिमथ गाडीचें आहे, साहेब. गाडी गेली, नांव राहिलें.’’ या एका वाक्यानें आमचा घात केला. तबकड्यांसाठीं नेलेले पैसे जहाजास देऊन आम्ही घरीं आलों.

प्लिमथ ही गाडी अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें १९२८ सालीं काढली. १६२० सालीं जें ‘मेफ्लॉवर’ जहाज इंग्लंडांतील कांहीं धर्मनिष्ठ कुटुंबांस घेऊन अमेरिकेस गेलें, त्याचें चित्र या गाडीवर आलें. कारण तीं कुटुंबें जेथें वस्ती करून राहिलीं, त्या गांवाचें नांव प्लिमथ. पुढें शेठ वालचंद हिराचंद यांनीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९४७ पासून क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जाऊं लागल्या. अटलांटिक ओलांडणारें तें जहाज अशा रीतीनें घाट चढून आमच्याकडच्या तालुक्यांच्या गांवांतून धूळ उडवीत फिरूं लागलें. २००१ सालीं प्लिमथ हें नांव कंपनीनें बंद केलें. दुकानदाराचें वाक्य उलट फिरलें असें म्हणावें, तर आतां नांवही गेलें आहे आणि जहाज तेवढें राहिलें आहे.

एका जहाजानें दुसरें बोलाविलें आणि आम्हीं या वस्तूंचा इतिहास वाचावयास घेतला. मोटारीच्या नाकाडावर मूर्ति बसविण्याचें मूळ अगदींच व्यावहारिक आहे. जुन्या गाड्यांत इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टांकीचें, म्हणजे रेडिएटरचें, झांकण बाहेर दिसे. १९१२ च्या सुमारास या झांकणावर बसणारा ‘मोटोमीटर’ निघाला. पाणी किती तापलें आहे हें त्यावरून सारथ्याला बसल्या जागीं समजे. पुढें ही सोय आंत, सारथ्याच्या समोरील फळीवर गेली. पण बाहेरच्या त्या जागीं कांहीं तरी असावें ही डोळ्यांची संवय गेली नाहीं. मग तेथें पक्षी आले, मेंढे आले, पंख पसरलेल्या स्त्रिया आल्या. गरज संपल्यावर जी वस्तु मागें राहते तिलाच आपण अलंकार म्हणतों, ही गोष्ट आम्हांस प्रथम येथेंच कळली.

बिल्ल्यांची पारखही हळूहळू आली. निकेलचा मुलामा किंचित् पिवळसर, ऊन पडल्यासारखा दिसतो. त्याच्या मागून आलेला क्रोमचा निळसर आणि थंड. जस्ताच्या ओतीव धातूवरचा क्रोम मुंबईच्या खाऱ्या हवेंत फोडांसारखा फुगतो, तर तांब्यावरची भाजलेली मीनाकारी शंभर वर्षांनींही कालच भट्टींतून काढल्यासारखी राहते. मात्र एकदां टवका उडाला कीं तो भरून येत नाहीं. हें ज्ञान आम्हांस फुकट मिळालें नाहीं. घरांतील तांब्यापितळेचीं भांडीं चिंचेनें लखलखतात, म्हणून आम्हीं निकेलचा एक सुंदर बिल्ला चिंच आणि राख लावून घांसला. तो लखलखला खरा. पण तें मुलाम्याखालचें पितळ होतें. तेव्हांपासून आम्ही मऊ फडक्यापलीकडे जात नाहीं. फळीवर लावतांनाही सरस वापरीत नाहीं. ज्या दांड्यांनीं बिल्ला गाडीला जोडलेला होता, त्याच दांड्यांसाठीं फळीला भोकें पाडतों. या भोकांची आठवण वाचकांनीं ठेवावी.

प्रत्येक बिल्ल्यामागें गोष्ट असते आणि ती बहुधा बिल्ल्याहून मोठी असते. मॉरिस गाडीवर पाण्यांतून चालणारा एक बैल आहे. तो ऑक्सफर्ड शहराच्या मुद्रेवरचा. बैल नदी ओलांडीत ती जागा, असा त्या नांवाचा अर्थच आहे. त्याच मॉरिस ऑक्सफर्डवरून आपली अँबॅसडर निघाली आणि २०१४ सालीं तिचेंही उत्पादन थांबलें. कॅडिलॅक गाडीवरची ढाल ज्याच्या नांवाची, त्या फ्रेंच गृहस्थानें १७०१ सालीं डेट्रॉइट शहर वसविलें. पण ती सरदारी ढाल त्यानें स्वतःच रचून घेतलेली होती, असें इतिहासकार सांगतात. हिस्पानो-सुइझा गाडीवरचा करकोचा हें पहिल्या महायुद्धांतील एका फ्रेंच विमानपथकाचें चिन्ह. त्या पथकाचा तरुण वीर गिनेमेर १९१७ सालीं आकाशांतच नाहींसा झाला. त्याच्या विमानांत याच कंपनीचें इंजिन होतें. असला करकोचा आमच्या फळीवर नाहीं. तो बाळगावा ऐपतदारानें. आम्ही गोष्टीवर समाधान मानतों.

या सर्व गोष्टींत एक मात्र आम्हांस पुन्हां पुन्हां आठवते. रोल्स-रॉइस गाडीवर पुढें झुकलेली, वस्त्रें वाऱ्यावर सोडलेली जी स्त्री असते, ती चार्ल्स साइक्स या शिल्पकारानें १९११ सालीं घडविली. तिच्यासाठीं एलिनॉर थॉर्नटन ही स्त्री नमुना म्हणून उभी राहिली होती, असें सर्वत्र मानतात. ही बाई मोटारींचे मोठे भोक्ते लॉर्ड मॉन्टेग्यू यांची चिटणीस. १९१५ सालच्या अखेरीस मॉन्टेग्यू हिंदुस्थान सरकारला मोटार-वाहतुकीविषयीं सल्ला देण्यासाठीं इकडे येण्यास निघाले, तेव्हां तीही त्यांच्याबरोबर ‘पर्शिया’ नांवाच्या बोटीवर चढली. बोट मुंबईला यावयाची होती. ३० डिसेंबर रोजीं क्रीट बेटाच्या दक्षिणेस एका जर्मन पाणबुडीनें ती बुडविली. मॉन्टेग्यू वांचले, बाई गेली. पुढें तीच मूर्ति कित्येक संस्थानिकांच्या गाड्यांवर बसून मुंबईच्या बंदरांत उतरली. मूर्ति पोंचली, बाई पोंचली नाहीं. अंगावेगळें झालेलें चिन्ह पाहून आनंद मानणाऱ्या आम्हांसारख्यांनीं ही गोष्ट विसरूं नये असें आम्हांस वाटे. आणि तरीही आमची स्वतःची परीक्षा झाली तेव्हां आम्ही ती विसरलोंच.

दोन वर्षांपूर्वीं सातारा जिल्ह्यांतून एक तरुण गृहस्थ आमचा पत्ता काढीत आले. त्यांचे आजोबा गांवीं डॉक्टर होते आणि आसपासच्या खेड्यांतून रोगी पाहावयास प्लिमथ गाडीनें जात. ती गाडी पुढें गोठ्यांत पडली. आतां नातवानें तिचें इंजिन उतरविलें होतें, पत्रा ठोकून सरळ केला होता, रंगही दिला होता. ‘‘काका, सगळें झालं, फक्त नाकावर दोन भोकें आहेत,’’ असें म्हणून त्यांनीं बॉनेटवर धरून उतरविलेला एक कागद आमच्यापुढें पसरला. मग एक छायाचित्र काढलें. आजोबा, गाडी, आणि बॉनेटला टेकून उभा असलेला एक मुलगा. पुढें शिडाचें जहाज, आणि त्याच्या पहिल्या डोलकाठीला टोंक नाहीं. मुंबईच्या एका कारखान्यांत दुरुस्तीला गेलेली गाडी परत आली ती जहाजाशिवाय; आजोबांनीं पुष्कळ पत्रें लिहिलीं, उत्तर आलें नाहीं.

‘‘हें आमचंच, असं मी म्हणत नाहीं,’’ ते गृहस्थ म्हणाले. ‘‘असलीं जहाजं पुष्कळ मोडतात. पण आपण द्याल तर म्हणाल ती किंमत देतों.’’

आम्ही विचार करून कळवितों, असें बोललों. विचार कसला? त्या रात्रीं आम्ही स्वतःचा वकील होऊन स्वतःपुढें उभे राहिलों. आम्हीं तें जहाज उचललें नसतें तर तें भट्टींत वितळून गेलें असतें. तीस वर्षें आम्हीं तें जपलें. दाम मोजून घेतलें. यांतलें प्रत्येक म्हणणें खरें होतें. परंतु वांचविणाऱ्याला जपण्याचा अधिकार मिळतो तो धन्याच्या वतीनें. धनी दारीं येऊन उभा राहिला तरी सोडावयाचें नाहीं, हा अधिकार त्यांत येत नाहीं. शिवाय एक अधिक अवघड गोष्ट मनांत आली. अंधारांत पाना घेऊन कोणी तरी बॉनेट उघडतो, तो आपल्या हौसेनें नव्हे. कोठें तरी एक गिऱ्हाईक आहे, या भरंवशावर तो तें करतो. तें गिऱ्हाईक आम्ही. ‘शोर’चा ‘चोर’ झाला ही व्युत्पत्ति इतकी वर्षें आम्हीं कां आवडीनें ऐकली, याचा उलगडा त्या रात्रीं झाला.

एवढें होऊनही महिना गेला. अखेर आमच्या कुटुंबानेंच निकाल दिला. ‘‘अहो, त्यांच्या गाडीला नाक नाहीं, आणि आपल्या भिंतीला मात्र नाक हवं, हें कसं?’’ यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्ही जहाज फडक्यांत गुंडाळून स्वतःच गाडीच्या गांवीं गेलों.

गोठ्यांत गाडी उभी होती. जहाजाचा एक दांडा भोकांत अलगद बसला. दुसरा बसेना, तो कानशीनें थोडा घांसावा लागला. तेव्हां तें जहाज त्याच गाडीचें होतें कीं नाहीं, हें आम्ही शपथेवर सांगूं शकणार नाहीं. कोणीं त्याची चर्चाही केली नाहीं. घरांतील एक वृद्ध बाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि त्यांनीं शिडाला कुंकू लाविलें. इंजिन त्या दिवशीं सुरू झालें नाहीं. गाडी ढकलूनच अंगणांत आणली. तरी आम्हांस ती चालतांना दिसली. किंमत आम्हीं घेतली नाहीं. ती तीस वर्षें रोज पाहून वसूल झालेली होती.

आतां फळीवर बेचाळिसाव्या जागीं दोन भोकें आहेत. भोंवतालची बनात उन्हानें विटली असून तेवढी जहाजाच्या आकाराची जागा गर्द हिरवी राहिली आहे. आम्हीं ती भरली नाहीं. मटन स्ट्रीटवर आम्ही अजूनही जातों. परंतु बिल्ला हातीं घेतला कीं पहिला प्रश्न करतों, ‘‘याची गाडी कोठें आहे?’’ दुकानदार हंसतात. आमची खरेदी फार कमी झाली आहे.