आमच्याकडचा आलोक कुठेय?

परवा 'मुरांबा' परत पाहिला. वरुण नार्वेकरचा, २०१७चा. आलोक-इंदूचं, म्हणजे अमेय वाघ-मिथिला पालकरचं ब्रेकअप होतं आणि आईबाबा पोराशी चक्क बोलतात. गोड सिनेमा. पण भाऊ, घर शहरातलं!

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत तिशीला टेकलेली पोरं बसलीत. एमपीएससी, पोलीस भरती, परत एमपीएससी. प्रेमही आहे, पण तिच्या बापाला सांगायला पगार नाही. आपला बाप एवढंच विचारतो, "जाहिरात निघाली का?"

नेमाडेंनी १९६३ साली 'कोसला'त पांडुरंग सांगवीकर खान्देशातून पुण्याला धाडला, परतही आणला. अशा परतलेल्या पोरावर सिनेमा काढा ना कुणीतरी. आणि हलकाफुलकाच काढा. ही पोरं चहाच्या टपरीवर जाम हसवतात.