वरची टाकी, खालची टाकी आणि नळदुर्गचा सांडवा

बालमित्रांनो, तेरखेडा हे नाव ऐकलंय का? नसेल ऐकलं, तरी तिथले फटाके तुमच्या अंगणात कदाचित वाजले असतील! धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातलं, सोलापूर-धुळे महामार्गावरचं हे गाव फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा मुलूख. इथे पाऊस बेताचा, त्यामुळे पाण्याची किंमत पोराटोरांनाही ठाऊक.

पण आज गोष्ट फटाक्यांची नाही, पाण्याचीच आहे. आणि ती सुरू होते माझ्या बहिणीच्या घरातल्या मासोळ्यांच्या पेटीपासून.

माझा भाचा सातवीत आहे. त्याने वडिलांच्या मागे लागून काचेची पेटी आणली. तीन फूट लांब, एक फूट रुंद. तिच्याखाली दुसरी, दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि फूटभर उंच. या खालच्या टाकीला म्हणतात संप. कामगार करतात तो संप नव्हे हं! वरचं घाण पाणी खाली येतं, तिथे स्पंजातून गाळलं जातं आणि छोटा पंप ते पुन्हा वर चढवतो. पाणी तेच, फिरत राहतं. मासे खूश.

भाच्याने वरच्या पेटीला तळापासून चार इंचांवर भोक पाडून घेतलं होतं आणि त्याला तोटी बसवली होती. पंप जेवढं पाणी वर चढवतो, नेमकं तेवढंच तोटीतून खाली सोडायचं, असा त्याचा बेत. शाळेतून आला की हा गडी तोटी पिळत बसायचा. थोडी सैल, थोडी घट्ट. तरी दुसऱ्या दिवशी पाणी एक तर खाली गेलेलं, नाही तर काठाला टेकलेलं!

का बरं? जरा हिशेब करू या. समजा, पंप मिनिटाला १० लीटर पाणी वर देतो आणि तोटी ९.९ लीटर खाली सोडते. फरक किती? मिनिटाला फक्त ०.१ लीटर, म्हणजे अर्धा पेला. पण तासाला होतात ६ लीटर आणि दिवसाला १४४ लीटर! पेटीतल्या सगळ्या पाण्यापेक्षाही जास्त. हाताने पिळून इतका बारीक मेळ कुणालाच साधणार नाही.

आणि मग श्रावणातल्या एका रात्री वारा सुटला, लाईट गेली. पंप थांबला. तोटी मात्र उघडीच! सकाळी आम्ही उठलो तर फरशीवर तळं साचलेलं. वर १५ इंच पाणी होतं, त्याचं चारच इंच उरलेलं. त्यात सोनमासे आडवेतिडवे, वर तोंडं काढून हवा घेत होते. ११ इंच पाणी म्हणजे सुमारे ७८ लीटर खाली आलं होतं. संप अर्धा भरलेला होता, त्यात जागा होती २८ लीटरची. उरलेलं ५० लीटर घरभर! विजेचा बोर्डही जमिनीलगतच होता. अनर्थ टळला, एवढंच.

"आता ती पेटी घरात नको. मासे देऊन टाक कुणाला तरी," वडील म्हणाले. भाच्याचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "दाजी, दोन दिवस द्या आम्हाला. उद्या याला नळदुर्ग दाखवून आणतो."

"मामा, किल्ल्याचा अन् माशांचा काय संबंध?"

"चल तर खरं!"

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने निघालो. येरमाळा, येडशी, धाराशिव, तुळजापूर आणि मग नळदुर्ग. या प्रवासात एक गंमत झाली, ती आम्हाला खिडकीतून दिसली नाही. आम्ही एका नदीखोऱ्यातून दुसऱ्यात गेलो! तेरणा नदी तेरखेड्याच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते. तिचं पाणी मांजरेतून गोदावरीला मिळतं. नळदुर्गची बोरी नदी मात्र भीमेला मिळते आणि पुढे कृष्णेला.

नळदुर्गच्या किल्ल्यात या बोरी नदीवर दगडी बंधारा बांधलेला आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली हे काम झालं. गंमत म्हणजे बंधाऱ्याच्या पोटातच महाल आहे, पाणीमहाल! पावसाळ्यात बंधारा भरला की जादा पाणी वरच्या दोन वाटांनी धबाधबा कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. महालात उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा आणि आपण कोरडे!

भाचा बराच वेळ बघत राहिला. मी विचारलं, "इथे तोटी पिळायला कोण बसलंय?"

"कुणीच नाही."

"मग नदीला पूर आला की?"

तो विचार करून म्हणाला, "काठावरून जास्त पाणी जाईल. धार जाड होईल."

"आणि नदी रोडावली की?"

"धार बारीक. नदी आटली तर बंदच! पण बंधारा काठाच्या खाली रिकामा होणार नाही. मामा, कळलं! तोटी काढून टाकायची!"

शाब्बास! यालाच सांडवा म्हणतात. येणारं पाणी वाढलं की काठावरचा थर आपोआप जाड होतो, जाणारं पाणीही वाढतं आणि दोन्ही सारखी होतात. मेळ पाणीच साधतं. माणसाने फक्त काठ किती उंच ठेवायचा ते ठरवायचं.

घरी येऊन आम्ही तोटी काढली. त्या भोकाला आतून जाडसर नळी जोडली आणि तिचं तोंड तळापासून १४ इंचांवर उभं ठेवलं. तोंडावर जाळी लावली, म्हणजे मासा आत जाणार नाही. आता या तोंडाच्या वरचंच पाणी खाली जातं. लाईट गेली तरी तोंडाखालचं पाणी जागचं हलत नाही.

पण अजून एक चोरवाट होती. पंपाची नळी वर पाण्यात खोल बुडवली, तर पंप थांबल्यावर पाणी त्याच नळीतून उलटं खाली ओढलं जातं. म्हणून तिचं तोंड पाण्याच्या जेमतेम अर्धा इंच खाली ठेवलं. पाणी तेवढं उतरलं की नळीत हवा शिरते आणि ओढ तुटते.

मग आम्ही मुद्दाम पंप बंद करून पाहिला. वरचं पाणी एक इंच उतरून थांबलं. एक इंच म्हणजे सुमारे ७ लीटर. संपातलं पाणी त्यामुळे दीड इंच चढलं. आम्ही संपाच्या काचेवर खडूने रेघ मारली: पंप चालू असताना पाणी या रेघेच्या वर असता कामा नये. वर जागा रिकामी दिसते, पण ती लाईट गेल्यावर येणाऱ्या पाण्यासाठी राखून ठेवलेली आहे. पावसाळ्यात मोठ्या धरणांतही असंच पुरासाठी पाणी सोडून जागा करून ठेवतात.

आता तुम्हाला एक कोडं. उन्हाळ्यात पेटीतलं पाणी वाफ होऊन उडतं. मग कमी कुठे दिसेल, वर की खाली? विचार करा... खाली! वरची पातळी काठाने धरून ठेवलेली असते, सगळी तूट संपात दिसते. संप फार उतरला तर पंप हवा ओढतो आणि जळतो. म्हणून आम्ही खाली दुसरीही रेघ मारली. पाणी तिथवर आलं की भर घालायची.

तुमच्याकडे अशी पेटी असेल तर ही परीक्षा मोठ्यांना सोबत घेऊन जरूर करा. पण बोर्ड पाण्यापासून दूर आणि उंचावर हवा. बटण बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही.

त्यानंतर तेरखेड्याची लाईट कितीदा तरी गेली. फरशी मात्र कोरडीच. भाऊजी आता पेटी काढ म्हणत नाहीत. उलट, रात्री अंधार झाला की तेच हळूच विचारतात, "काय रे, पाणी रेघेच्या खाली आहे ना?"