पोफळ आणि अण्णांची सुपारी

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पानाचा डबा आणि अडकित्ता अजूनही जपून ठेवलेला असेल. आमच्याही घरी तो आहे. माझे वडील, अण्णा, मूळचे श्रीवर्धनचे. तेथील रोठा सुपारी प्रसिद्धच आहे. नारळाच्या सावलीत, पाटाच्या पाण्यावर वाढणाऱ्या पोफळी त्यांनी बालपणापासून पाहिल्या. ताडमाडांच्या कुळातील हे सडपातळ, सरळसोट झाड. त्याला उष्ण, दमट हवा मानवते. कडक ऊन सोसत नाही. गळून पडलेल्या विऱ्यांचे द्रोण होतात, खोड मांडवाला उपयोगी पडते आणि पूजेत सुपारीलाच गणपती मानून आपण हात जोडतो.

अशा झाडाचे फळ अपाय करील, हे माझ्या मनाला कधी शिवले नाही. अण्णांनी साठ वर्षे जेवणानंतर सुपारी खाल्ली. तंबाखूला मात्र स्पर्श केला नाही. म्हणून आम्ही निर्धास्त होतो. गेल्या वर्षी त्यांना आमटी तिखट लागू लागली. मी मिरची कमी केली, मग बंदच केली. तरी ते अर्धे ताट ठेवून उठत. म्हातारपणाचा हट्ट समजून मी एकदा त्यांना टाकूनही बोलले.

पुढे कवळी बसवताना तोंड पुरेसे उघडेना, तेव्हा आम्ही दंतवैद्यांकडे गेलो. सामान्यतः स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात मावतात. अण्णांची दोनही जेमतेम मावली. गालांचे आतील अस्तर राठ व पांढुरके झाले होते. सुपारीमुळे होणाऱ्या या विकारातून पुढे कर्करोगही उद्भवू शकतो. तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद आहे.

तपासणीत अण्णांना कर्करोग आढळला नाही. परंतु ताठरलेले तोंड पूर्ववत होत नाही. आता व्यायाम आणि नियमित तपासणी चालू आहे. डब्यात बडीशेप असते. आरंभी अण्णांचा हात सवयीने अडकित्त्याकडे जाई आणि रिकामाच परते. ते पाहणे मला जड गेले. सुपारी आता केवळ देवघरात आहे.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे तोंड महिन्यातून एकदा उजेडात पाहावे. जळजळ, पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसल्यास वैद्यांकडे जावे. आणि ताट अर्धे राहिले, तर रागावण्यापूर्वी कारण विचारावे. मी ते उशिरा विचारले.